हिटलरचा भाला, हिमलरचा किल्ला आणि घरच्या ग्रुपवर फिरणारे मेसेज

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहायला बसले कारण परवा आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभावाने एक लांबलचक मेसेज टाकला. येशूच्या कुशीत खुपसलेला भाला हिटलरकडे होता, तो जवळ होता तोवर त्याला कुणी हरवू शकलं नाही, आणि भाला अमेरिकनांच्या हाती लागला त्याच दिवशी त्याने स्वतःला गोळी घातली. पुढे, हिमलरने (हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाचा प्रमुख) तिबेटात माणसं पाठवून गुप्त विद्या आणली. शेवटी, आपले वेद नेऊन त्यावरून रॉकेट बनवलं. खाली पंधरा-वीस जणांनी हात जोडले होते. आत्याने लिहिलं, "त्या लोकांना आपली किंमत कळली."

मी मूळची साताऱ्याची. गेली नऊ वर्षं एर्लांगेनला राहते, न्यूरेम्बर्ग इथून ट्रेनने वीस मिनिटांवर. हा भाला ज्या तळघरात ठेवला होता तिथे मी दोनदा जाऊन आले आहे आणि प्रत्यक्ष भाला व्हिएन्नात पाहिला आहे. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी भाल्याचं. होफबुर्ग राजवाड्याच्या खजिनादालनात, मंद उजेडात, काचेच्या पेटीत तो आहे. लांबी जेमतेम अर्धा मीटर. पातं मधोमध तुटलेलं. पात्याच्या मध्यावर लांबट चर कोरून त्यात एक खिळा बसवला आहे आणि तो बारीक तारेने बांधला आहे. हा खिळा क्रुसावरचा, अशी श्रद्धा. तुटलेल्या भागावर आधी लोखंडी पट्टी, तिच्यावर अकराव्या शतकातल्या चौथ्या हेन्रीची चांदीची, आणि सगळ्यात वर चौदाव्या शतकातल्या चौथ्या कार्लची सोन्याची. सोन्यावर लॅटिन अक्षरं आहेत, 'प्रभूचा भाला आणि खिळा'. मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होते. मोडलेली वस्तू टाकून न देता प्रत्येक पिढीने तिच्यावर एक पट्टी चढवली, हे पाहून मला खरंच भरून आलं. पण भाल्याची घडण आठव्या शतकातली आहे, म्हणजे येशूनंतर सातशे वर्षांची. शिवाय असा 'खरा' भाला एकच नाही. एक रोमला आहे, एक आर्मेनियात एचमियाझिनला, आणि १०९८ साली पहिल्या धर्मयुद्धात अँटिऑकला आणखी एक सापडला होता.

आता हिटलरचं. व्हिएन्नातल्या हलाखीच्या दिवसांत तो या भाल्यासमोर तासन्‌तास उभा राहायचा आणि त्याची समाधी लागायची, ही गोष्ट आली ट्रेव्हर रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज लेखकाच्या १९७२ च्या पुस्तकातून. त्याने साक्षीदार दिला तो १९५७ साली वारलेला एक माणूस. कागदोपत्री पुरावा शून्य. पुढे एका भयकथालेखकाने त्यातला मजकूर कादंबरीत वापरला, तेव्हा रेव्हन्सक्रॉफ्ट लंडनच्या कोर्टात गेला आणि १९८० साली जिंकला. कोर्टाने निकाल दिला तो कॉपीराइटचा. भाल्याच्या शक्तीवर तिथे कुणी निवाडा केलेला नाही.

१९३८ साली भाला न्यूरेम्बर्गला आला हे मात्र खरं. पण तो एकटा आला नाही. मुकुट, गोल, राजदंड, तलवारी, झगे, अशी पवित्र रोमन साम्राज्याची सगळी राजचिन्हं आली. सम्राट सिगिस्मुंडने ती १४२३ साली न्यूरेम्बर्गला 'कायमची' दिली होती. १४२४ पासून १७९६ पर्यंत ती इथेच होती. फ्रेंच सैन्य चाल करून आलं तेव्हा हलवली आणि व्हिएन्नाला गेली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर इथल्या नाझी महापौराने, विली लीबेलने, लकडा लावला की आमचं आम्हाला परत द्या. ऑगस्टअखेर ती आली आणि सप्टेंबरच्या पक्षमेळाव्यात काटारिनेनकिर्शे या चर्चमध्ये मांडली गेली. जुन्या साम्राज्याची गादी आता आमच्याकडे आली, हे लोकांना दाखवायचं होतं. गादी, छत्र, मोर्चेल यांचं वजन आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

युद्ध सुरू झाल्यावर हे सगळं किल्ल्याखालच्या खडकात गेलं. बिअर साठवायला खोदलेली जुनी तळघरं होती, त्यांचा कलाबंकर केला. खडकाखाली चोवीस मीटरपर्यंत खोल. मे महिन्यात गेले तरी आत स्वेटर लागला. क्राकोवहून लुटून आणलेली शिल्पकार फाइट श्टोसची भलीमोठी लाकडी वेदीही इथेच होती. गाइडने दाखवलं की हवा कोरडी राहावी म्हणून यंत्रं होती, आतून लाकडी खोल्या केल्या होत्या. २ जानेवारी १९४५ ला वरचं जुनं शहर बॉम्बहल्ल्यात जवळपास सपाट झालं. खालच्या वस्तूंना ओरखडा नाही. वर माणसं मरत होती आणि खाली झग्यांना कसर लागू नये याची काळजी घेतली जात होती. तिथे उभं राहिल्यावर हे फार टोचतं.

शहर पडलं २० एप्रिलला, हिटलरने स्वतःला संपवलं ३० तारखेला. 'त्याच दिवशी' ही जोडणी पुस्तकातली आहे. आणि एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. पराभव दिसू लागल्यावर शहरातल्या अधिकाऱ्यांनी काही वस्तू बाजूला काढून पानियर्सप्लात्सखालच्या बंकरमध्ये भिंतीआड चिणल्या. मुकुट, गोल, राजदंड आणि दोन तलवारी. वॉल्टर हॉर्न या अमेरिकन लेफ्टनंटने, जो स्वतः कलेचा इतिहासकार होता, ऑगस्टमध्ये त्यांच्याकडून ती जागा वदवून घेतली. त्या पाचांत भाला नव्हता. ज्या वस्तूवर म्हणे जगाचं नशीब टांगलं होतं, ती त्यांनी मागेच ठेवली. जानेवारी १९४६ मध्ये सगळं व्हिएन्नाला परत गेलं.

मला याचा इतका त्रास का होतो, ते सांगते. आपल्याकडे अंगात आलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. भाल्याच्या गोष्टीत हिटलरच्या अंगात येतं. मग तो ज्या लोकांच्या मतांवर, सह्यांवर आणि हिशेबांवर उभा होता, ते सगळे देवळात जमलेल्या बघ्यांसारखे सुटून जातात. इथे राहून, इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून, मला हे सुटणं मान्य होत नाही.

तुम्हाला या विषयावर जे पक्कं माहीत असेल ते कृपया लिहा. आतेभावाला नीट उत्तर द्यायचं आहे.

घाटमाथा

पानगळताई, छान लिहिलंय. बंकरचं वर्णन वाचताना अंगावर काटा आला. पण थोडा विरोध नोंदवतो. भाल्याची गोष्ट खोटी असेल, तरी नाझींचा गूढविद्येशी संबंधच नव्हता असं कसं म्हणता येईल? थुले सोसायटी होती. हिमलरचा स्वतःचा पुरोहित होता म्हणतात. ग्रेल, म्हणजे येशूचा तो दंतकथेतला पवित्र पेला, शोधायला माणसं पाठवली होती. हे सगळं हवेतून आलं नाही. मी शाळेत असल्यापासून या विषयाचं मिळेल ते वाचतोय, त्यामुळे सगळंच निकालात काढलेलं मनाला पटत नाही.

जुनापुराणा

घाटमाथा, तुमची शंका रास्त आहे. हिमलर आणि हिटलर ही दोन माणसं वेगळी काढली की बरंच स्वच्छ दिसतं.

थुले सोसायटी ऑगस्ट १९१८ मध्ये म्युनिकला सुरू झाली. चालवणारा रुडॉल्फ फॉन झेबोटेनडोर्फ. खरं नाव ग्लाउअर, सरदारकीचं 'फॉन' मागाहून लावलेलं. एका महागड्या हॉटेलात बैठका व्हायच्या. ज्यूद्वेष हा पाया, वर रून या प्राचीन जर्मानिक लिपीचं आणि आर्य वंशाच्या कथांचं लिंपण. तिचा सभासद कार्ल हारर याने ५ जानेवारी १९१९ ला आंटोन ड्रेक्सलरबरोबर जर्मन कामगार पक्ष काढला आणि त्याच पक्षाचं पुढे नाझी पक्षात रूपांतर झालं. इथवर धागा खरा. पण हिटलर पक्षात आला सप्टेंबर १९१९ मध्ये, आणि तो थुलेच्या बैठकांना गेल्याचा पुरावा नाही. वर्ष उलटायच्या आत त्याने हाररला बाजूला केलं, कारण हाररला निवडक लोकांचं गुप्त मंडळ हवं होतं आणि याला बिअरच्या दालनात हजारोंची गर्दी हवी होती. १९३३ साली झेबोटेनडोर्फने पुस्तक लिहून मीच पाया घातला असा दावा केला. नाझींनी ते पुस्तक बंद केलं, त्याला अटक झाली, शेवटी तो तुर्कस्तानात गेला.

आता ही तारीख पाहा. ६ सप्टेंबर १९३८, न्यूरेम्बर्ग, तोच पक्षमेळावा. राजचिन्हं शहरात मांडलेली आहेत आणि हिटलर संस्कृतीवरच्या भाषणात सांगतो आहे की आमची चळवळ पंथ नाही, आम्हाला पूजास्थानं नकोत, परलोकाचा शोध घेणारे गूढवादी आमच्यात घुसलेले चालणार नाहीत. रोख हिमलर आणि पक्षाचा विचारवंत रोझेनबर्ग यांच्यासारख्या जवळच्याच माणसांकडे होता. पुढे १० मे १९४१ ला हिटलरचा पक्षातला उपनेता रुडॉल्फ हेस विमान घेऊन स्कॉटलंडला उडाला. त्याला ज्योतिषाचा नाद होता, म्हणून खापर ज्योतिष्यांवर फुटलं. ९ जूनला देशभर धरपकड झाली. कार्ल एर्न्स्ट क्राफ्ट हा ज्योतिषी प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यासाठी नॉस्त्रादामसची भाकितं जुळवून द्यायचा. तोही पकडला गेला आणि जानेवारी १९४५ मध्ये छळछावणीच्या वाटेवर मेला. भविष्य वापरायचं आणि भविष्य सांगणाऱ्याला तुरुंगात टाकायचं, दोन्ही एकाच राजवटीने केलं.

हिमलरचं मात्र वेगळं. त्याचा विश्वास होता. कार्ल मारिया विलिगुट हा त्याचा 'पुरोहित'. आपल्याला लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांची आठवण आहे असं सांगणारा, १९२४ ते १९२७ साल्झबुर्गच्या मनोरुग्णालयात असलेला माणूस. एसएसच्या कवटीच्या अंगठीचं डिझाइन त्याचं. मनोरुग्णालयाची गोष्ट वरिष्ठांना कळल्यावर १९३९ मध्ये त्याला निवृत्त केलं.

ग्रेलचंही खरं आहे. ओट्टो रान नावाचा तरुण फ्रान्समधल्या मोंसेगूरच्या किल्ल्यावर ग्रेल होता असं लिहीत असे. हिमलरने त्याला एसएसमध्ये घेतलं, शिक्षा म्हणून डाखाउच्या छावणीत पहाऱ्याला पाठवलं, आणि मार्च १९३९ मध्ये तो टिरोलच्या डोंगरात बर्फात मेलेला सापडला. २३ ऑक्टोबर १९४० ला हिमलर स्वतः स्पेनमधल्या मोन्सेरातच्या मठात गेला होता. मठाधिपतींनी भेट टाळली आणि जर्मन येणाऱ्या एका साधूला पुढे केलं. हाती काही लागलं नाही.

मला सगळ्यात जास्त हादरवतं ते चेटकिणींचं कार्डघर. १९३५ पासून १९४४ पर्यंत हिमलरची माणसं जर्मनीभरची दफ्तरं पालथी घालून चेटकीण म्हणून मारलेल्या बायकांची एकेक नोंद कार्डावर उतरवत होती. तेहेतीस हजारांवर कार्डं. चर्चने जर्मन वंशाच्या शहाण्या बायका संपवल्या असं सिद्ध करायचं होतं. चारशे वर्षांपूर्वी जाळलेल्या बाईसाठी कार्ड भरलं जात होतं आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या टेबलावर जिवंत माणसांना मारण्याच्या याद्या तयार होत होत्या.

भट्टीवाला

मी कोल्हापूरकडचा, आयुष्य फाउंड्रीत गेलं. इतिहास मला कमी कळतो, लोखंड कळतं. ताईंनी लिहिलेली ती चर मला महत्त्वाची वाटली. घडवलेल्या पात्याच्या मध्यावर आरपार चर पाडली की पातं तिथेच अशक्त होणार, ते लढाईचं हत्यार उरत नाही. म्हणजे खिळा बसवणाऱ्याच्या मनात लढाई नव्हती, पूजाच होती. मोडलं तेही जवळपास तिथेच, याचं नवल नाही.

आता त्याच गोत्रातली दुसरी वस्तू. २०१२ साली जगभर बातमी आली होती की नाझी तिबेट मोहिमेने आणलेली बुद्धमूर्ती अवकाशातून पडलेल्या लोखंडाची निघाली. मूर्ती २४ सेंटिमीटर, वजन साडेदहा किलोच्या वर, छातीवर स्वस्तिक. धातूची तपासणी पक्की होती: निकेलचं भरपूर प्रमाण, सैबेरियातल्या चिंगा उल्केशी जुळणारी जात. असल्या लोखंडात मूर्ती कोरायची म्हणजे छिन्नीचा जीव जातो, करणाऱ्याला दंडवत. पण धातू जुना म्हणून मूर्ती जुनी होत नाही. आखिम बायर या बौद्ध विषयाच्या अभ्यासकाने नुसतं रूप बघून सांगितलं की ही तिबेटी नाही: पायांत युरोपी धाटणीचे बूट, अंगात पायजम्यासारखी विजार, भरघोस दाढी. बहुधा १९१० ते १९७० च्या दरम्यान युरोपात केलेली. तिबेट मोहिमेने ती आणल्याचा कागदही नाही. आमच्याकडे भंगारात जुनं बीड येतं, त्याचं नवं कास्टिंग होतं. त्याचं वय कुठलं धरायचं, बीडाचं की साच्याचं? मूर्तीचं वय साच्याचं.

सांजवेळ

मी पाडरबोर्नला दोन वर्षं शिकायला होते. वेवेल्सबुर्ग तिथून बसने जवळ. तीन कोनांचा किल्ला, सतराव्या शतकात बिशपसाठी बांधलेला. हिमलरने १९३४ मध्ये तो शंभर वर्षांच्या कराराने घेतला, भाडं वर्षाला एक मार्क. उत्तर बुरुजात बारा खांबांचं दालन आहे आणि जमिनीवर गडद हिरव्या दगडात बारा आऱ्यांचं चक्र. नेटवर ज्याला 'काळा सूर्य' म्हणतात ते हेच. ते नाव १९९० च्या आसपासचं आहे, हिमलरच्या काळातलं नाही. दालनाचं कामसुद्धा पुरं झालं नव्हतं. खाली गोल तळघर आहे, तिथे हळू बोललं तरी आवाज घुमतो. आमच्याबरोबरच्या दोन मुलांनी तिथे मंत्र म्हणून पाहिले, तेव्हा मी बाहेर आले. मला ते सहन झालं नाही.

कारण दगड कुणी वाहिले ते वरच लिहिलेलं आहे. किल्ला वाढवण्यासाठी गावाला लागूनच नीडरहागेन ही छळछावणी काढली होती. ३,९०० कैदी, त्यांतले किमान १,२८५ मेले. उपासमार, खाणीतलं काम, मारहाण, गोळ्या. जून १९४१ मध्ये, रशियावर हल्ला करायच्या थोडे दिवस आधी, हिमलरने एसएसचे सेनापती या किल्ल्यावर बोलावले होते. त्यांतला एक, बाख-झेलेव्स्की, न्यूरेम्बर्गच्या खटल्यात म्हणाला की तिथे हिमलरने पूर्वेकडची तीन कोटी माणसं कमी करायची असल्याचं सांगितलं. त्या किल्ल्यावर बोललं गेलेलं खरं वाक्य हे. ३१ मार्च १९४५ ला हिमलरच्या हुकमाने किल्ला सुरुंग लावून पेटवला गेला. छावणीच्या हजेरीच्या मैदानावर आता स्मारक आहे. बुरुज बघायला जितके लोक येतात त्यांतले फार थोडे तिथवर चालत जातात.

घाटमाथा

सांजवेळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १,२८५ हा आकडा मला माहीत नव्हता. काळ्या सूर्याबद्दल मी इतकं वाचलंय, पण त्यातल्या एकाही ठिकाणी या छावणीचं नाव आलं नाही. हे कबूल करताना वाईट वाटतंय.

वेद आणि तिबेटबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडे तो मेसेज अजून फिरतो आहे.

कृष्णाकाठ

संस्कृत शिकवण्यात हयात गेली, म्हणून हे माझ्या वाट्याचं. वेद पळवायची गरजच नव्हती. सायणभाष्यासह अख्खा ऋग्वेद माक्स म्युलरने १८४९ ते १८७४ या काळात ऑक्सफर्डला छापून काढला. कुणीही विकत घ्यावा. आणि नाझींचं व्ही-२ रॉकेट कशावर बनलं तेही लपलेलं नाही. द्रवइंधनाची गणितं, पेनेम्युंडेची चाचणीकेंद्रं, आणि मिटेलबाउ-डोरा छावणीतले बोगद्यात राबणारे कैदी. सुमारे ६० हजार कैद्यांपैकी २० हजारांच्या आसपास मेले. त्या रॉकेटला आपल्या ऋचा चिकटवणं हा मला ऋचांचा अपमान वाटतो.

पण संस्कृतचा खरा संबंध होता आणि तो आपण मान्य केला पाहिजे. हिमलरने १ जुलै १९३५ ला 'आह्नेनएर्बे' म्हणजे 'पूर्वजांचा वारसा' नावाची संस्था काढली. १९३७ पासून तिच्या विद्याशाखेचा प्रमुख होता वाल्टर व्युस्ट, म्युनिक विद्यापीठातला संस्कृत-इराणी विषयांचा प्राध्यापक. पुढे तोच त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १८ फेब्रुवारी १९४३ ला हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी विद्यापीठाच्या जिन्यावरून हिटलरविरोधी पत्रकं टाकली. शिपायाने त्यांना पकडून कुलगुरूंपुढे उभं केलं आणि कुलगुरूंनी गेस्टापोला, म्हणजे गुप्त पोलिसांना, बोलावून दोघांना त्यांच्या स्वाधीन केलं. चार दिवसांत दोघांचा शिरच्छेद झाला. ते कुलगुरू म्हणजे हा व्युस्ट. विद्यार्थ्यांना ऋग्वेद लावून देणारा माणूस. मी वर्गात 'सत्यं वद' शिकवताना मला हा माणूस आठवतो आणि घास अडकल्यासारखं होतं.

टिळकांचं नाव या भानगडीत ओढतात, म्हणून तेही. 'आर्क्टिक होम इन द वेदाज्' १९०३ चं. वेदातल्या लांबलेल्या उषा, सहा महिन्यांची रात्र यांवरून केलेला ज्योतिर्गणिताचा तर्क आहे तो. आज तो तर्क टिकत नाही, पण त्यात कुणाला हीन ठरवून मारायचं शास्त्र नाही. उलट्या बाजूने सावित्री देवी पाहा. फ्रान्समध्ये जन्मलेली माक्सिमियानी पोर्तास, कलकत्त्यात राहिली, हिटलर हा विष्णूचा अवतार असं तिने लिहिलं. ते आजही वाचलं जातं. टिळकांचा चुकलेला तर्क आणि हे विष एका पंक्तीला बसवू नका.

पानगळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ सर, व्युस्टबद्दलचा परिच्छेद आतेभावाला जशाच्या तशा पाठवणार आहे.

तिबेटचं मी लिहिते. मोहिमेचा प्रमुख एर्न्स्ट शेफर हा प्राणिशास्त्रज्ञ. एकूण पाच जर्मन, सगळे एसएसचे. कलकत्ता, गंगटोक करत १९ जानेवारी १९३९ ला ल्हासाला पोचले. पक्षी, बियाणं, फोटो, फिल्म असं पुष्कळ गोळा केलं. कांग्यूर या तिबेटी बौद्ध धर्मग्रंथाचे १०८ खंडही मिळाले. शांबाला ही दंतकथेतली गुप्त नगरी शोधायला गेले होते असं म्हणतात, पण हिमलरला आपल्या लाडक्या बर्फविश्व-सिद्धान्ताचा (विश्व बर्फातून घडलं असं सांगणारा छद्मविज्ञानी सिद्धान्त) एक माणूस सोबत पाठवायचा होता आणि शेफरने तो नाकारला.

पाचांतला ब्रुनो बेगर हा वंशमापनवाला. कॅलिपर घेऊन त्याने ३७६ माणसांची डोकी, नाकं, कपाळं मोजली. सतरा जणांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे घेतले. ओलं प्लास्टर चेहरा झाकतं, नाकपुड्यांपुरती वाट उरते. पहिल्याच माणसाला त्या प्लास्टरखाली झटका आला. सिक्कीम-तिबेटातल्या त्या हमालांना आणि शेतकऱ्यांना हे कशासाठी चाललंय, हे कुणी सांगितलं नसणार.

जून १९४३ मध्ये हाच बेगर आउश्वित्सला गेला. तेच कॅलिपर, तेच तक्ते. स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या आउगुस्ट हिर्ट या शरीररचनेच्या प्राध्यापकाला ज्यू सांगाड्यांचा संग्रह करायचा होता आणि आह्नेनएर्बे त्याची सोय बघत होती. निवडलेल्यांपैकी ८६ जणांना, २९ बायका आणि ५७ पुरुष, नात्सवायलर-स्ट्रुटहोफ छावणीत नेऊन ऑगस्टमध्ये गॅसने मारलं. देह स्ट्रासबुर्गला पाठवले. संस्थेचा व्यवस्थापक वोल्फ्राम झीवर्स १९४८ मध्ये फासावर गेला. बेगरला १९७१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, तीही आधीच्या कैदेत वळती झाली. तो २००९ पर्यंत जगला.

गुप्त विद्या आणायला गेलेली मोहीम, म्हणतात ती ही.

मिहिका

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. म्युनिकला आमची पहिली दिवाळी. दाराबाहेर रांगोळीत स्वस्तिक काढलं, चार बोटांचं, मध्ये ठिपके, शेजारी लक्ष्मीची पावलं. समोरच्या आजी दार उघडून बघतच राहिल्या. काही बोलल्या नाहीत, दार लावून घेतलं. मी तासाभराने ते पुसलं आणि रडले. आई फोनवर म्हणाली, "आपलं आहे ते, का पुसलंस?" मला आजही कळत नाही मी बरोबर केलं की चूक.

जुनापुराणा

मिहिका, अवांतर नाही. तुमची आई आणि समोरच्या आजी, दोघींचं दुःख खरं आहे.

नाझींनी हे चिन्ह आपल्या पोथीतून घेतलं नाही. १८७० च्या दशकात श्लीमानने ट्रॉय उकरलं, तिथल्या भांड्यांवर ते दिसलं, आणि युरोपात ते 'आर्यांचं चिन्ह' म्हणून पसरलं. जर्मनीतल्या ज्यूद्वेष्ट्या मंडळांनी ते हिटलरच्या आधीच उचललं होतं. १९२० साली पक्षाचा झेंडा ठरला. मूळ जर्मन शब्द हाकेनक्रॉइत्स, म्हणजे आकडे असलेला क्रूस. जर्मन दंडविधानाचं कलम ८६अ बंदी घातलेल्या संघटनांच्या चिन्हांसाठी आहे, देवपूजेसाठी नाही. २००७ मध्ये युरोपभर बंदीचा प्रस्ताव निघाला तेव्हा हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो मागे पडला.

मी तुमच्या जागी असतो तर घरात देवापुढे काढलं असतं, आणि फराळाचं ताट घेऊन आजींकडे गेलो असतो.

मिहिका

गेल्या वर्षी गेले होते. चकल्या आवडल्या त्यांना. मग त्यांनीच कपाटातून भावाचा फोटो काढला. सोळाव्या वर्षी शेवटच्या महिन्यात भरती केलेला, परत न आलेला. फोटोतल्या बाहीवर तीच पट्टी. त्या म्हणाल्या, आई हा फोटो कधी भिंतीवर लावू शकली नाही.

घाटमाथा

मिहिका, हे वाचून थांबलो बराच वेळ.

पानगळताई, एक विचारायचं होतं. त्या ८६ जणांची नावं कळली का कधी?

पानगळ (धागाकर्ती)

हो. शरीररचना विभागात आंरी आंरीपिएर नावाचा फ्रेंच मदतनीस होता. देह आले तेव्हा त्याने प्रत्येकाच्या हातावर गोंदलेला आउश्वित्सचा क्रमांक चोरून कागदावर उतरवून घेतला आणि तो कागद लपवला. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबुर्ग सुटलं तेव्हा तो बाहेर आला. बरीच वर्षं फक्त एकाच क्रमांकाचं नाव माहीत होतं: १०७९६९, मेनाखेम ताफेल, बर्लिनचा दूधवाला. बाकीच्या क्रमांकांची नावं हान्स-योआखिम लांग या जर्मन पत्रकाराने अनेक वर्षं दफ्तरं धुंडाळून लावली आणि २००४ मध्ये ती छापली. स्ट्रासबुर्गच्या क्रोनेनबुर्ग भागातल्या ज्यू दफनभूमीत २००५ पासून एक शिळा आहे, तिच्यावर सगळी शहाऐंशी नावं आहेत.

इथून गाडीने साडेतीन-चार तास. येत्या उन्हाळ्यात आतेभाऊ इकडे येतोय. त्याला व्हिएन्नाचा भाला बघायचा होता. काल रात्री त्याला ती यादी पाठवली, तर त्याने उलट विचारलं की आधी स्ट्रासबुर्गला जाता येईल का. मी हो म्हटलंय.